गोरी शिस्तर आणि तांदळातलं नाव

लग्नात माझं नाव बदललं ते तांदळात. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, सासूबाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि पेढे वाटले. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय बोलणार होते? नाकात नथ टोचत होती आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. ते तांदूळ पुढे कुठे गेले देव जाणे. बहुतेक दुसऱ्या दिवशीच्या भातात गेले असतील.

हे सगळं मी विसरूनही गेले असते. पण पुढे नव्वदीच्या शेवटी शेवटी मी एका ख्रिस्ती जोगिणीच्या मागे लागले, आणि तिला शोधता शोधता ते ताट परत समोर आलं.

माझं माहेर बाळकुमचं, खाडीवरचं. वडील होडी घेऊन जायचे, आई टोपली घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची. ऐंशीच्या सुमारास आमच्या आळीच्या टोकाला एक कौलारू दवाखाना होता. तो ख्रिस्ती संन्यासिनी चालवायच्या. त्यांच्या संघाचं नाव मी इथे लिहीत नाही, कुणाचंच नाव लिहायचं नाही असं ठरवलंय. आम्ही सगळे हिंदू कोळी, पण बाळंतपण असो, ताप असो, पाय तिकडेच वळायचे. तिथली मुख्य होती ती परदेशी, म्हातारी, गोरीपान. सगळं गाव तिला गोरी शिस्तर म्हणायचं. मी लहान असताना माझ्या टाचेत शिंगाळ्याचा काटा मोडला होता. हा मासा भारी खट, काटा आत गेला की पाय सुजून कलिंगड होतो. तो तिने काढला. काढताना म्हणाली, "रडू नको गो, झाला झाला." आमचीच बोली, आमच्याच आवाजात. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, म्हणून तिच्या डाव्या भुवईतून आडवी गेलेली जुन्या जखमेची खूण माझ्या चांगली लक्षात राहिली.

पुढे एके वर्षी ती गेली. कुठे गेली, कुणी नेलं, जिवंत आहे का, काही कळलं नाही. दवाखाना बंद पडला आणि तिथे कुणीतरी सिमेंटच्या गोण्या ठेवायला लागलं.

मी शिकले, डोंबिवलीच्या एका शाळेत इतिहासाची बाई झाले, लग्न होऊन ठाकुर्लीला आले. सासर आमच्यातलंच, पण खाली रत्नागिरीकडचं. सासरे पॉवर हाऊसमध्ये होते, ते वारले तेव्हा मी नवीनच होते. घरात नवरा, मी आणि सासूबाई. नोकरी लागून काही वर्षं झाल्यावर मी एम. फिल.ला नाव घातलं. विषय घेतला त्या संघाचा: खाडीकाठच्या गावांत या बायकांनी काय केलं, आणि ती गोरी शिस्तर कोण होती.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं. "अगं, आपल्यात काय बायका कमी झाल्या अभ्यासाला?" मी म्हटलं, "आई, आपल्यातल्यांना शिंगाळ्याचा काटा काढता येत नव्हता." त्यावर त्या हसल्या. जेवताना मात्र परत तेच.

खरी अडचण माझ्या गाईडची होती. सर वाईट नव्हते, पण त्यांना पटकन संपणारे विषय आवडायचे. "मॅडम, या लोकांची सगळी कागदपत्रं त्यांच्या मुख्य मठात, तिकडे युरोपात. तुम्ही जाणार का? नाही ना. मग ठाणे जिल्ह्यातल्या शाळा घ्या, सहा महिन्यांत मोकळ्या व्हाल." मी नाही म्हटलं. त्यांनी मुदत घातली. दिवाळीपर्यंत मूळ साधनांवरचं एक प्रकरण आणा, गोऱ्या शिस्तरचं, पुराव्यासकट. नाहीतर विषय बदलायचा. मी "आणते" म्हटलं आणि बाहेर पडले. कुठून आणणार याचा मला पत्ता नव्हता, पण शाळांवर मी लिहिणार नव्हते म्हणजे नव्हते.

त्याच सुमारास विद्यापीठाच्या खिडकीवर वेगळंच नाटक झालं. माझी बी. ए.ची पदवी माहेरच्या नावाने, एम. ए.ची सासरच्या नावाने. क्लार्कने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "या दोन्ही बाया तुम्हीच कशावरून?" मी म्हटलं, "अहो, समोर उभी आहे ना." तो म्हणाला, "उभं राहून चालत नाही, राजपत्रात छापून आणा." माझं डोकं असं फिरलं की मी त्याला चार गोष्टी सुनावल्या. मग निमूटपणे राजपत्राचा अर्ज भरला, कारण दुसरा इलाज नव्हता.

शिस्तरचं नाव मला सरकारी कागदातच मिळालं. दवाखान्याच्या जुन्या परवान्यावर तिचं लांबलचक परदेशी नाव होतं, आडनावासकट. त्यासाठी ठाण्यात मी किती चकरा मारल्या ते सांगत नाही. मिळालं तेव्हा इतका आनंद झाला की मी वर्तकनगरला राहणाऱ्या मावशीकडे जाऊन पोटभर जेवले. आता फक्त हे नाव संघाच्या कागदात दिसलं की झालं, असं वाटलं.

संघाचे कागद मला डोंबिवलीतच सापडले, तेसुद्धा एसटीडी बूथमध्ये. पूर्वेला एका गृहस्थांचा बूथ होता. त्यांनी मध्ये फळी ठोकून दोन कॉम्प्युटर ठेवले आणि बाहेर सायबर कॅफेची पाटी लावली. मी शाळा सुटल्यावर दुपारी जायची. सुरुवातीला माऊस हातात धरायची भीती वाटायची. मालक मागून सांगायचे, "बाई, हळू, तो पळून जात नाही." नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलेलं, आता मठसुद्धा इंटरनेटवर येतात. मला आधी ते थट्टेचं वाटलेलं. पण खरंच, संघाची पानं होती. त्यांच्या मुख्य मठातल्या एका म्हाताऱ्या शिस्तरने जुनी दप्तरं बसून टाईप करून चढवली होती. थोडं इंग्रजीत, थोडं त्यांच्या भाषेत. स्थापना कशी झाली, नियम काय, कुठल्या देशात कधी गेल्या, कुणाच्या पत्रातला उतारा, संतांच्या सणांचं कॅलेंडर, वारलेल्या शिस्तरांची ओळख. अर्ध्या ठिकाणी लिहिलेलं असायचं की काम चालू आहे. एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की मी शेजारी वह्या तपासत बसायची.

त्या पानांनी मला रागही खूप आणला. हिंदुस्थानातल्या कामाबद्दलच्या एका पत्रात लिहिलं होतं की खाडीवरच्या कोळ्यांना शिस्तरांनी स्वच्छता शिकवली. मी तिथेच खुर्चीत म्हटलं, वा रे वा. माझी आजी पाय धुतल्याशिवाय कुणाला ओटीवर चढू द्यायची नाही. मग हळूहळू लक्षात आलं की ही पत्रं तिकडच्या देणगीदारांना वाचून दाखवायला लिहिलेली असायची. तिकडच्या लोकांना वाईट वाटलं पाहिजे, म्हणजे औषधं येतील. तेव्हापासून मी प्रत्येक पत्राच्या कडेला लिहायला लागले, हे कुणासाठी लिहिलंय. आजही शाळेत मुलांना मी पहिलं हेच विचारते.

पण गोरी शिस्तर कुठेच नव्हती. परवान्यावरचं नाव मी सगळीकडे घालून बघितलं. आडनावाने बघितलं, नुसत्या नावाने बघितलं, वारलेल्यांत बघितलं, जिवंतांत बघितलं. काही नाही. गाईडना सांगितलं तर ते खुर्चीत मागे रेलले. "बघा, संघाच्या स्वतःच्या दप्तरात नाही म्हणजे ती संघातलीच नव्हती. असेल एखादी हौशी नर्स, राहिली असेल त्यांच्याबरोबर. गावकऱ्यांना काय, पांढरा झगा दिसला की शिस्तर." मला ते असं झोंबलं की जिन्यात रडू आलं. तिने माझ्या पायाला हात लावला होता आणि हा माणूस तिला हौशी म्हणत होता. डोळे पुसले आणि ठरवलं, हिला मी त्या दप्तरात दाखवीनच.

गणपतीच्या आधी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर भाजी घेत उभी होते. मागून कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मी लक्ष दिलं नाही. शेवटी कुणीतरी खांद्यावर जोरात चापट मारली. बाळकुमच्या शाळेतली माझी मैत्रीण. "बहिरी झालीस का गं? केव्हाची ओरडतेय. सगळा पूल वळून बघतोय, तू सोडून." ती माझ्या माहेरच्या नावाने हाका मारत होती. वीस वर्षं मी त्या नावाने जगलेले, आणि कानावर पडलं तर मान वळली नाही. आम्ही बोललो, हसलो, ती गेली. मी मात्र तिथेच थांबले. हातातल्या मेथीच्या जुडीचे पैसे भाजीवालीने दोनदा मागितले तेव्हा भानावर आले.

शिस्तरनेही नाव टाकलं असणार. व्रत घेताना या बायका नवं नाव घेतात, हे मी वाचलं होतं की. नुसतं वाचलं नव्हतं, पहिल्या प्रकरणात लिहिलंसुद्धा होतं. पण मी मास्तरीण. शाळा सोडल्याचे दाखले लिहून लिहून माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की सरकारी कागदावर असतं तेच खरं नाव, बाकीचं हाक मारायचं. ते डोक्यात असल्यामुळे मी त्या घरात जाऊन तिला माहेरच्या नावाने हाका मारत बसलेले, आणि त्या घरात ते नाव कुणाला माहीत असणार? मला राजपत्र मागणारा तो क्लार्क आठवला आणि हसूही आलं.

घरी आल्यावर भाजी निवडायला बसले. सासूबाई समोर होत्या. मी सहज विचारलं, "आई, तुमचं माहेरचं नाव काय हो?" इतकी वर्षं एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं. त्यांनी मेथीची पानं खुडत खुडत म्हटलं, "काय करायचंय तुला आता ते? सुखाने भाजी निवड." मी पुन्हा विचारलं नाही. रात्रीच्या भाजीत मात्र मीठ पडलं नव्हतं. त्यांच्या हातून तसं कधी होत नसे.

नव्या नावाशिवाय शिस्तर शोधायची कशी, हा प्रश्न होताच. माणसाच्या नावाने सापडत नसेल तर घराच्या नावाने शोधावं, असं मी ठरवलं. त्या पानांवर संघाच्या घरांची यादी होती, पण घरांनाही त्यांनी गावाची नावं दिलेली नव्हती. प्रत्येक घर एकेका संताच्या नावाने. म्हणजे घरालासुद्धा सासरचं नाव. आता बाळकुमच्या दवाखान्याचा संत कोण, हे मला कोण सांगणार?

आईने सांगितलं. पुढच्या रविवारी बाळकुमला गेले. आई सुकट निवडत बसलेली. "कवा आयलीस गो?" म्हणाली आणि लगेच कामाला लावलं. मी विचारलं, दवाखान्यात वर्षाचा सण कुठला असायचा. आईला बरोबर आठवत होतं. त्या दिवशी शिस्तर सगळ्या आळीला गोड पाव वाटायच्या, आणि आमच्या बायका त्यांना पहिल्या जाळ्यातली कोलंबी नेऊन द्यायच्या. तो त्यांचा मान. "शिमग्याच्या मागंपुढं असायचा," आई म्हणाली. मी विचारलं, आधी की नंतर? "कवा आधी, कवा नंतर. तेंचा देव आपल्या होळीला जुमानत नव्हता."

मला तेवढंच पाहिजे होतं. कधी होळीच्या आधी, कधी नंतर, म्हणजे सण तिथीचा नाही, तारखेचा, आणि मार्चमधला. मग आईच म्हणाली की दाराशी दाढीवाला देव उभा असायचा, हातात करवत. वडील त्याला सुतारदेव म्हणायचे आणि होडीचं काम काढलं की जाता जाता त्याला हात जोडायचे.

दुसऱ्या दिवशी शाळेतून तडक कॅफेत. संतांच्या कॅलेंडरमध्ये मार्च उघडला. येशूला सांभाळणारा बाप, तो सुतार, त्याचा सण तिथेच होता. घरांच्या यादीत त्याच्या नावाची बरीच घरं होती, पण मुंबई इलाख्यात, खाडीकाठी, दवाखाना असलेलं एकच. त्या घराच्या पानावर तिथे राहून गेलेल्या शिस्तरांची नावं होती, नवी नावं. एकीच्या पुढे लिहिलं होतं की ही शेवटपर्यंत तिथे राहिली आणि म्हातारपणी परत बोलावली गेली. तिच्या नावावर टिचकी मारली. पान उघडलं, खाली फोटोची रिकामी चौकट.

तेव्हा फोटो एकदम यायचे नाहीत. वरून एकेक पट्टी उतरायची, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. आधी पांढरा पदर आला. मग कपाळ. मान जराशी कललेली होती, म्हणून आधी उजवी भुवई. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. डाव्या भुवईची अर्धी रेघ आली आणि लाईन पडली. मालक म्हणाले, "बाई, आज काही खरं नाही, उद्या या." मी म्हटलं, "मी इथेच बसते." ते म्हणाले बंद करायची वेळ होईल. मी म्हटलं, "तोवर बसते." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा नंबर फिरवायला घेतला. त्यांनी किती वेळा फिरवला मी मोजलं नाही. परत पहिल्यापासून, पदर, कपाळ, उजवी भुवई. मग डावी. मधून आडवी गेलेली खूण.

पान छापून घेतलं. मालकांनी न विचारता पाणी दिलं.

मला दिसली म्हणजे झालं असं मी धरलं नाही. लहानपणीच्या आठवणीवर प्रबंध उभा राहत नाही. तो कागद घडी न घालता, पुठ्ठ्यात धरून बाळकुमला नेला. आईला काही सांगितलं नाही, नुसता हातात दिला. तिने डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग पदराने हात पुसले आणि परत धरला. "आमची शिस्तर ही," म्हणाली. "कवढी म्हातारी झाली गो." थोड्या वेळाने विचारलं, "हाय का गेली?" पानावर ती गेल्याचं होतं. मी सांगितलं. आईने कागद देवाजवळ ठेवला आणि सुकटीकडे वळली. बराच वेळ तिने नाक ओढलं. मी छपाईचा तो कागद तिथेच ठेवला, दुसरा काढून घेतला.

मग टाईप करणाऱ्या त्या म्हाताऱ्या शिस्तरला ईमेल लिहिला, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. परवान्यावरचं नाव आणि पानावरचं नाव, एकच बाई का? उत्तर यायला वेळ लागला, पण आलं. हो, एकच. बाप्तिस्म्याचं नाव तुमच्याकडे आहे ते, आमच्याकडे ते फक्त आतल्या दप्तरात असतं. खाली तिने लिहिलं होतं की या शिस्तरच्या त्या नावाची चौकशी आजवर कुणीच केली नव्हती.

दिवाळीच्या आधी प्रकरण सरांच्या टेबलावर ठेवलं. परवाना, घराचं पान, सणाचा हिशोब, आईची साक्ष, ईमेल. सरांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं. शाळांचं राहू द्या." सरांकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

प्रबंध पुरा व्हायला पुढचा उन्हाळा आला. टायपिंगला द्यायच्या आदल्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. सासूबाई तव्याशी होत्या. एकदम म्हणाल्या, "तू मागे विचारलं होतंस ना." आणि नाव सांगितलं. इतकं गोड, छोटं नाव की मी लाटणं धरून थांबले. म्हणाल्या, "भाऊ होता तोवर हाक मारायचा. तो गेला, आता कुणाला माहीतच नाही. तुझ्या नवऱ्यालापण नाही." पोळी करपली आणि त्यांनी मलाच रागावलं.

पहिल्या पानावर अर्पणपत्रिका असते. मी ते नाव टाईप करून घेतलं, नुसतं नाव, दुसरं काही नाही. काळ्या कापडात बांधलेल्या प्रती घरी आल्या तेव्हा नवऱ्याने उघडून विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, "तुमच्या आईला विचारा." सासूबाई हातातलं काम करत राहिल्या. नवरा आंघोळीला गेल्यावर जवळ आल्या, चष्मा लावला आणि त्या पानावर बोट ठेवून वाचलं. अक्षर अक्षर, वेळ घेऊन.

"हे विद्यापीठात राहणार?"

"हो."

"कायमचं?"

"हो, आई."

"कुणाला पुसता येणार नाही?"

"नाही."

त्यांनी पान बंद केलं, परत उघडलं. "मग आडनावपण माहेरचं घालायचं होतंस की. नुसत्या नावाने कोण ओळखणार मला?"

छापलेल्या प्रतीत हाताने काही लिहायचं नाही, असा विद्यापीठाचा नियम होता. मी आडनाव विचारलं, पेन काढलं आणि सगळ्या प्रतींवर लिहिलं. त्या शेजारी बसून शाई वाळेपर्यंत फुंकर घालत होत्या.